मामांचं न लिहिलेलं वाक्य

काल दुपारी टीव्हीवर एक जुना मराठी चित्रपट लागला होता आणि त्यात अचानक आमचे सुभेदारमामा दिसले. लढाईत शौर्यपदक मिळवलेला हा माणूस निवृत्तीनंतर भरघोस मिशांच्या जोरावर सिनेमात शिरला. कधी हवालदार झाला, कधी गावचा पाटील. लढाईबद्दल विचारलं की मामा हसून विषय टाळायचे. "अरे, त्यापेक्षा शूटिंग अवघड. ऊन तेच, वर तोंडाला पावडर!"

या चित्रपटात ते एका जवानाचे वडील होते. मुलगा लढाईत कामी आल्याची बातमी घेऊन एक तरुण शिपाई दारात येतो. दिग्दर्शकानं मामांना हंबरडा फोडायला सांगितलं होतं म्हणे. मामा मात्र त्या शिपायाकडे बघून हळूच म्हणाले, "लांबून आलास पोरा. जेवलास का?"

चित्रपट नवा होता तेव्हा आम्ही मामांबरोबरच तो थिएटरात पाहिला होता. सगळे रडत होते. घरी येताना मी विचारलं, "मामा, हे वाक्य कुणी लिहिलं?"

"कुणीच नाही," ते म्हणाले. "माझा पलटणीतला जोडीदार लढाईत गेला, तेव्हा त्याच्या घरी निरोप घेऊन मीच गेलो होतो. त्याच्या बापानं मला हेच विचारलं."

तोवर मला शौर्य म्हणजे मामांच्या छातीवरचं पदक वाटायचं. ते असं कुणाच्या उंबऱ्यातही उभं असतं, हे त्या दिवशी कळलं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"जेवलो. त्याच्या आईनं ताट वाढलं होतं. नको कसं म्हणणार?"