बादलीतलं अर्धं पाणी

काल हैदराबादच्या नारायणगुड्यात एक मेकॅनिक रॉकेलने पार्ट धूत होता. विमानाच्या इंधनाचा वासही थेट असाच. मी नाक वर करून उभा राहिलो आणि वयाच्या बाविसाव्या वर्षात जाऊन उतरलो.

सीमेवर युद्ध पेटलं होतं, त्यामुळे आमचं वैमानिकाचं प्रशिक्षण थांबत नव्हतं. आदल्या दिवशी माझ्याच खोलीतला सतीश, आमचा सत्या, विमानासकट कोसळून गेला होता. तरी सकाळी मला पहिल्यांदा एकट्याने उडायचं होतं. आमचे इन्स्ट्रक्टर सर पक्के हैदराबादी. त्यांनी उतरून आपल्या रिकाम्या सीटचे पट्टे घट्ट बांधले आणि विचारलं, "डर लगरा क्या मियाँ?"

"नै सर!" मी छाती फुगवून खोटं बोललो.

वर गेल्यावर मात्र मी एकटाच बडबडत सुटलो. "सत्या, बघतोयस ना? सर खाली घाबरलेत, मी नाही!" रेडिओचं बटण माझ्याच अंगठ्याखाली दाबलेलं होतं. अख्ख्या तळाने ते ऐकलं.

पहिल्या एकट्या उड्डाणानंतर अंगावर बादलीभर पाणी ओतायची आमची रीत. सर बादली घेऊन उभे होते.

"सच्ची बोला रे तू," ते म्हणाले. हात इतके थरथरत होते की अर्धं पाणी त्यांच्याच बुटांवर सांडलं. मी खो-खो हसलो.

आता माझी लेक स्कूटरवरून दिलसुखनगरला जाते. पोहोचल्याचा तिचा फोन येईपर्यंत माझा अर्धा चहा बशीत सांडलेला असतो.

"डरे क्या, बाबा?" ती विचारते.

"नै!" मी छाती फुगवून सांगतो.