तावडेमामांची हिरवीन

संध्याकाळी तावडेमामा कामावरून आले की कुलूप काढायचे, दार सताड उघडायचे आणि आत न जाता उंबऱ्यातच उभे राहायचे. मग आतून एक पांढरा ससा धावत यायचा आणि घुर्र घुर्र करत त्यांच्या पायांभोवती गोल गोल फिरायचा. पाच, सहा, सात फेऱ्या. गॅलरीतनं जाणाऱ्या प्रत्येकाला मामा थांबवून दाखवायचे. "बघ गो बाय, कशी फिरता. माझ्याच पायाभोवती हां, दुसऱ्या कोनाच्या नाय." लग्न होऊन मी गोरेगावच्या त्या चाळीत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे चारदा बघावं लागलं.

ससा म्हणजे मादी होती. मामा स्टुडिओत सुतार, सेट उभे करायचे आणि पाडायचे. कुठल्याशा गाण्याच्या शूटिंगला ससे आणले होते, त्यातली ही एक सेटमागे राहून गेली. मामांनी तिला शर्टात घालून घरी आणलं आणि नाव ठेवलं हिरवीन. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माणूस फटकळ, चाळीत कुणाशी धड पटायचं नाही. "माणसां कामापुरती येतत," ते म्हणायचे. "हिका माझ्याकडे काय काम असा? तरी फिरता ना!"

एरवी ही हिरवीन म्हणजे महा कजाग. माझ्या करंगळीला तिने असा चावा घेतला होता की मी आठवडाभर भांडी डाव्या हाताने घासली. पुढे पुढे तर ती स्वतःच्याच छातीचे केस उपटून कोपऱ्यात घरटं करायला लागली. दुसरा ससाच नव्हता तर पिल्लं कुठून होणार? पण हिचं आपलं घरटं चालूच. खाणं कमी, जवळ जाईल त्याच्यावर धावून जाणं. पंधरा-वीस दिवसांनी जरा निवळायची की थोड्या दिवसांत परत तेच. छाती लालभडक झाली, तेव्हा मामा घाबरले. डॉक्टर इंग्रजीत बोलला तर काय, म्हणून त्यांनी मला ऑफिसातून रजा काढायला लावली.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर निघाली आपली मराठीच. तिने सगळं नीट समजावलं. गर्भपिशवी काढली की ही खोटी घरटी थांबतील, चावणं कमी होईल, पुढची दुखणीही टळतील. पण सशाचा जीव नाजूक, भुलीतून उठेलच असं नाही. मामांनी एकच विचारलं, पायांभोवती फिरते त्याचं काय?

"काका, ते काही प्रेम नव्हे. माजावर असते म्हणून फिरते. महिना-दीड महिन्यात तेही बंद होईल."

आणि मी हसले. खोटं कशाला बोलू, चांगली फिसकन हसले. मामांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बराच वेळ ते तिच्या कानांवरून हात फिरवत बसले.

"पन तिचो त्रास थांबतलो ना?"

डॉक्टर हो म्हणाली.

"मग असांदे. करा."

हिरवीन उठली, पण घरी आल्यावर दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसली. पोट रिकामं ठेवू नका असं डॉक्टरने बजावलं होतं. मामा कामावर गेलेच नाहीत. कोथिंबिरीची एकेक काडी तिच्या तोंडाशी धरून बसायचे आणि ती पाठ फिरवायची. कोथिंबीर मी आणून द्यायचे, तेवढंच माझं प्रायश्चित्त. हळूहळू ती खायला लागली. छातीवर केस आले. घरटी थांबली, चावणं थांबलं, मी हात लावला तरी डोळे मिटून घ्यायची. आणि फेऱ्या सातावरून तीनावर आल्या, मग एक, मग तीही नाही. मामा काही दिवस उंबऱ्यात उभे राहून बघायचे. मग आले की सरळ आत जायला लागले आणि दार लावून घ्यायला लागले. ते लागलेलं दार बघून मला गलबलून यायचं. एकदा मी जाऊन सांगितलं, मामा, मी हसले ते चुकलंच. तर म्हणाले, "तू कशाक वायट वाटून घेतंस? डॉक्टरीण बोलली ता खराच."

मामा जाऊन आता खूप वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला त्यानंतरचा एक रविवार आठवतो. चाळीत पाणी सकाळी पाऊण तास यायचं. ते चुकलं की दिवसभर बोंब. नळावर सगळ्यांची झुंबड उडाली होती आणि मामांचा पत्ता नाही. बरंबिरं नाही की काय म्हणून मी दार ढकललं.

मामा भिंतीला टेकून, पाय लांब करून बसले होते. हिरवीन त्यांच्या पायाला लागून अंग सैल सोडून आडवी पडली होती, हनुवटी त्यांच्या पावलावर, डोळे अर्धे मिटलेले. मामांनी तळहात वर करून मला दारातच थांबवलं.

"हळू," ते कुजबुजले. "आपणाहून इली." मग बाहेर नळाकडे मान करून, "बाय, माझी बादली भरतंस गो? माका उठूक जमाचा नाय."

त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांच्या दोन्ही बादल्या काठोकाठ भरल्या आणि आवाज न करता दाराशी आणून ठेवल्या. तोवर नळ गेला आणि आमचं पिंप अर्धंच राहिलं. सासूबाई दिवसभर बोलत होत्या. मी त्यांना बोलू दिलं.