तिने खुर्ची सोडली नाही

बुलढाण्याच्या दवाखान्यात माझा नंबर तिच्यानंतर होता. देऊळघाटहून आलेली, रापलेल्या हातांची बाई. सोबत कॉलेजातली लेक. पोरीची पाळी कित्येक महिने बंद होती. हनुवटीवर केस उगवलेले, म्हणून तिने तोंडाला स्कार्फ घट्ट बांधलेला. आई सारखी ती गाठ सैल करायची. "मोकळा दम घे वं," म्हणायची.

दोघी आत गेल्या. दार अर्धं उघडंच होतं; आतलं दिसत होतं, ऐकूही येत होतं. सोनोग्राफी पाहून डॉक्टर हसत म्हणाले, "पीसीओडी आहे. लग्न करून टाका, सगळं सुरळीत होईल."

बाई उठली नाही.

"मी दवाई मांगाले आली साहेब, जावई नाई. माहं लेकरू बिमार हाये. काय झालं ते तिले समजून सांगा."

मग डॉक्टरांनी रक्ततपासण्या लिहिल्या, गोळ्या, खाणंपिणं, व्यायाम, सगळं नीट सांगितलं. म्हणजे त्यांना माहीत होतं!

बाहेर येताच ती लेकीचा हात धरून तरातरा निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

मलाही त्या पोरीच्या वयात एका डॉक्टरने असंच लग्न लिहून दिलं होतं. घरचे माना डोलवत उठले. मूल होईना म्हणून ते लग्न मोडलं. दुखणं अजून माझ्याकडेच आहे.