तणाची राखण

आमच्या बाबांनी सगळा जन्म पोपटी उपटण्यात घालवला. तिवशाच्या अलीकडे आमचं काळं वावर आहे, कपाशी आणि मधी तुरीच्या ओळी. पावसाळ्यात पोपटी तिथं आपोआप उगवते. हातभर झाड, पिवळट फूल आणि कागदी टोपडं घातलेलं बोराएवढं फळ. आम्हा पोरांना तो खाऊ, बाबांना तण. दिसली की मुळासकट बाहेर.

गेल्या वर्षी आई मोठ्या आजारातून उठली, पण जिभेची चव गेली ती परत येईना. काहीही द्या, तिला मातीच लागायची. डॉक्टर म्हणाले, जेवण वाढलं नाही तर पुढचं औषध अंगाला झेपणार नाही. मी अमरावतीहून दर रविवारी एसटीनं डबे भरून न्यायची आणि तसेच परत आणायची. खोटं कशाला बोलू, मला तिचा राग यायचा. भीतीचाच राग होता तो.

उन्हाळ्यात एकदा ती म्हणाली, "मले पोपटी खावीशी वाटून राहिली."

आता उन्हाळ्यात पोपटी कुठली? पण कित्येक महिन्यांनी तिला काहीतरी खावंसं वाटलं होतं. बाबा उठले. कुंपणातून मागच्या सालचं एक वाळकं टोपडं हुडकून आणलं, बी चोळून काढलं आणि परसात शेणखत चाळून वाफा केला. तण पेरणारा शेतकरी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "काहून बा, आता गाजरगवतही लावतं का?" बाबांनी वाफ्यावर पाणी शिंपडलं.

उगवलं काहीच नाही. उगवणार कसं? जन्मभर सरकी टोबणारा माणूस, वांग्याच्या बियासारखं बारीक बी त्यानं सरकीसारखंच बोटभर खोल गाडलेलं. "जाऊ द्या, नसंल माह्या नशिबात," आई म्हणाली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि श्रावणात ती वावरात उगवली. तणनाशक मारलेल्या तुकड्यात, जिथं गवताची काडी उरली नव्हती, कपाशीच्या दोन झाडांमधी. बी किती वर्षं मातीत दबा धरून बसलं होतं कोण जाणे. पुढं तिला टोपडी धरली तेव्हा मी एक उजेडाकडे वळवून पाहिलं. आत फळाची सावली, आणि वरच्या शिरा इतक्या बारीक की मला बोट लावायची हिंमत होईना. एवढी कारागिरी, तीही कोणी न मागितलेल्या झाडात, जे थंडी सरेपर्यंत वाळून जाणार. मी तिथंच ढेकळावर बसून राहिले.

बाबांनी ती दिसली त्याच दिवशी भोवती काड्या रोवून लाल चिंधी बांधली होती. निंदणाऱ्या बायका हसून हसून बेजार. एकीनं विचारलंच, "भाऊजी, मंग कपाशी उपटू का आता?" पण खुरपं सगळ्यांचं तिथून वळसा घालून गेलं.

कपाशीचं बोंड कधी वेचायचं हे नुसतं पाहून सांगणाऱ्या बाबांना इथं मात्र धीर निघाला नाही. टोपडी हिरवीगार असताना त्यांनी त्यातलं भरल्यासारखं एक तोडलं, खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकात बांधून घरी आणलं. आईनं ते सोललं, फळ दाताखाली धरलं, आणि तोंड वाकडं करून हातावर थुंकलं.

"कडू हाय."

बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. "काय म्हनलं?"

"कडूजहर हाय म्हनलं. पोपटी तोडतेत काय कुठं? पिकली का आपोआप खाली पडते, मंग वेचावं लागते. एवढं वावर केलं, तुमाले एवढं नाही समजलं?"

ती बोलत सुटली होती आणि बाबा ओट्यावर बसून दुपट्ट्यानं डोळे पुसत होते. माझेही भरून आले. इतक्या महिन्यांत तिच्या जिभेला पहिल्यांदा मातीशिवाय काहीतरी लागलं होतं.

"लई कडू लागलं का?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"लई," आई म्हणाली.