डॉक्टरांचा बाक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. आज तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही रोह्याला नदीपलीकडे, अष्टमीत राहायचो. आमचे हे कंपनीत फिटर. शिफ्ट सुटली की अंगणात वेल्डिंग करत बसायचे — लोखंडी पाइप, अँगल, जाड पत्रा — आणि त्यातून खुर्च्या, टेबलं. रंग द्यायचेच नाहीत. घासून चकचकीत करायचे, वर नुसतं पारदर्शक लॅकर. नटबोल्ट उघडे, वेल्डिंगचे जोडही उघडे. अहो, निदान वर सनमायका तरी लावा, मी म्हणायची. तर हसायचे. "लोखंड हाय गो, लोखंडासारखंच दिसू दे."

खरं सांगू? सुंदर होतं ते. मला तेव्हाही दिसत होतं. पण शेजारच्या बायका तोंडाला पदर लावायच्या — काय गो, कंपनीच घरी आणलीस व्हय? — आणि मी लाजेने मरायची. भंगारवाल्याची बायको म्हणतील, हीच धास्ती.

मग रोह्यातल्या एका डॉक्टरांनी दवाखान्यासाठी बाक करायला सांगितला. हे नुसते हरखले. हा लोकांना आवडला तर नोकरी सोडून दुकानच टाकतो, म्हणाले. दुकान? पाटीवर आमचं आडनाव? सगळ्या गावासमोर?

मी पेणकडची, मिठागरावर वाढलेली. मीठ लोखंडाला कसं खातं, ते मला कुणी शिकवायला नको होतं. बाक घासून तयार होता. लॅकर मारायच्या आधी हे आंघोळीला गेले — आणि मी — मी मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून सगळे जोड पुसून काढले. उन्हात लगेच सुकले. ह्यांनी येऊन वर लॅकर मारलं. शीळ घालत.

पावसाळा सरायच्या आत बाक परत आला. लॅकरखाली गंजाच्या तांबूस रेघाच रेघा. ह्यांनी खाली बसून नखाने एक रेघ खरवडून बघितली. मग म्हणाले, "माझाच हात कच्चा गो." वेल्डिंगचं मशीन विकून टाकलं. रिटायर होईपर्यंत कंपनीत गेले, दुकानाचं नाव काढलं नाही. आणि मी? सुटले बाई एकदाची, असं वाटलं मला. सांगायला जीभ रेटत नाही, पण वाटलं.

गेल्या महिन्यात पेणला एका मोठ्या दुकानात अगदी तसंच टेबल दिसलं. लोकं कौतुकाने बघत होती. हे वाकले, जोडावरून अंगठा फिरवला.

"बघ, ह्यांना जमलं," म्हणाले. "मला नाय जमलं."

मी म्हटलं, चला, एसटी चुकेल.