गाडी चार बोटं वर

गॅरेजमध्ये किस्से साठायला वेगळं कारण लागत नाही. पिकअप उंच करायची म्हणजे चारही चाकं काढायची, पुढचे स्प्रिंग आणि शॉक बदलायचे, मागचे स्प्रिंगचे पाटे बदलायचे. त्यात दिवस जातो. तोवर मालक कुठे जाणार? आमच्या या महादेवपुऱ्यात रिक्षा मिळेपर्यंत आमचा दुसरा चहा होतो. मग तो बसतो, आणि बसलेला माणूस बोलतो.

आम्ही तिघं. मी मूळचा निपाणीचा. मंजण्णा माझा पार्टनर, इथलाच, कानडी. स्पॅनर त्याच्या हातात. त्याला आता मराठी कळतं, त्याच्याबद्दलचं जरा लवकर कळतं. तिसऱ्या शैलावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ सरकारी संशोधन संस्थेत आहे, त्याला गाडीतलं काही कळत नाही आणि त्याचं त्याला दुःखही नाही. वहिनींनी मात्र माहेरी ट्रॅक्टर चालवलेला. आमच्याकडची प्रत्येक गाडी काम झाल्यावर आधी त्या चालवून बघतात, मगच मालकाला चावी मिळते.

*

सर्जापूर रोडवरून समीर आला. पुण्याचा, आयटीतला. नवी पिकअप, टपावर कॅरिअर. म्हणाला, चार इंच उचला.

मंजण्णाने विचारलं, गाडी लावता कुठे? तर बेसमेंटमध्ये. झालं, मंजण्णाने पान्याला हातच लावला नाही. टेप घेतली आणि त्याच्याच गाडीत बसून त्याच्या अपार्टमेंटला गेला. बेसमेंटच्या तोंडाशी उंचीची खूण म्हणून आडवा पाइप टांगलेला होता. मापं घेऊन परत आल्यावर म्हणाला, दोनच इंच. समीर हिरमुसला, पण दोन इंचांवर तयार झाला.

आठवड्याने त्याचा फोन. गाडी पाइपाखालून दोन बोटांच्या फटीने जाते, वॉचमन रोज उठून बघायला येतो. मी विचारलं, मग खूश ना?

"खूश म्हणजे काय! फक्त पाइपाखालून जाताना मी मान खाली घालतो. गाडीत बसून."

*

कोरमंगलाचा एक स्टार्टअपवाला आला. त्याने परदेशातला कुठलासा व्हिडिओ बघितलेला आणि त्याला आठ इंच हवे होते. मंजण्णाने समजावलं की ब्रेकचे पाइप ताणले जातील, वळणावर गाडी झुकेल, नियमातही बसणार नाही. पोरगा ऐकेना. पैसे मी देतोय, तुमचं काय जातंय, असं त्याचं चाललेलं.

शेवटी मंजण्णा हात पुसत शांतपणे म्हणाला, "सर, आठ इंचात गाडी उंच होईल. तुम्ही नाही."

पोरगा खरंच बुटका होता. पण तो इतका हसला की चहा सांडला. नियमात बसतं तेवढंच काम करून घेऊन गेला. आजही मित्रांना आमच्याकडे पाठवतो. पाठवताना सांगतो म्हणे, "तिथे अपमान करतात, पण काम चोख आहे."

*

बेळगावचे पाटील बँकेत आहेत. हौसेने गाडी उंच करून नेली आणि आठ दिवसांत परत आले. चेहरा पडलेला. आईचे गुडघे दुखतात, तिला चढता येत नाही, सगळं काढून गाडी होती तशी करा म्हणाले. आई सोबत रिक्षातून आल्या होत्या. वहिनींनी त्यांना खुर्ची दिली.

मंजण्णा जॅक लावणार, तेवढ्यात आई उठल्या. गाडीभोवती एक फेरी मारली, दाराखाली हात लावून बघितला आणि मुलाला म्हणाल्या, "अरे, मला पायरी लाव की. माझ्यासाठी गाडी कशाला उतरवतोस?"

आम्ही दोन्ही बाजूंना रुंद पायरी बसवली, आत धरायला मूठ लावली. वहिनींनी त्यांना तीनचार वेळा चढउतार करायला लावली. पाटलांनी हात पुढे केला तर आईंनी तो बाजूला सारला.

हल्ली पाटलांची तक्रार वेगळीच आहे. जावई आपली मोठी गाडी घेऊन न्यायला येतो आणि आई बसत नाहीत. म्हणतात, "खालून काय दिसतंय? पुढच्याच्या डिकीचा दरवाजा."

*

वहिनी चालवायला बसल्या की नवा मालक हमखास माझ्याकडे बघतो. एक निवृत्त साहेब तर सरळच म्हणाले, मॅडम चालवणार? वहिनी म्हणाल्या, तुम्ही शेजारी बसा.

गॅरेजमागे एक खडबडीत रस्ता आहे. खड्डे, चर, वर एक चढ. गाडी खटखटली किंवा एका बाजूला ओढली तर तिथे कळतं. साहेब आधी वरची मूठ घट्ट धरून होते. चढावर त्यांनी ती सोडली. परत आले तेव्हा ते घरच्या गोष्टी सांगत होते आणि वहिनी ऐकत होत्या.

मी चावी पुढे केली. साहेब म्हणाले, "राहू द्या. घरापर्यंत याच सोडतील का?"

*

अरविंद कुलकर्णी आले ते घरी भांडूनच. बायको, मेघना, दिवस भरत आलेली. शहरात उंच गाडी कशाला, आता बाळाचा विचार करायचा की स्प्रिंगांचा, असं ती महिनाभर म्हणत होती. गडी तरी आला. गाडी जॅकवर चढली, पुढचं काम झालं, मागचे पाटे निघाले आणि पाऊस सुरू झाला.

दुपारपर्यंत त्यांच्या वसाहतीच्या, इथल्या भाषेत लेआउटच्या, गेटशी पाणी भरलं. मेघनाचा फोन आला, कळा सुरू झाल्यात. अँब्युलन्स गेटपाशी अडली होती, टॅक्सीवाले यायला तयार नव्हते.

अरविंद उभे राहिले आणि परत बसले. मंजण्णाला म्हणाले, कसंही आवळा, पण लवकर. मंजण्णाचा हात चालू होता, पण एकही नट त्याने सोडला नाही. पाटे बसवले, चाकं लावली. मग गाडी जमिनीवर उतरवली, तिचं वजन चाकांवर येऊ दिलं आणि पुन्हा खाली झोपून प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने मोजून आवळला. अरविंद रडायच्या बेतात आले. मंजण्णा गाडीखालूनच म्हणाला, "स्वल्प थांबा सर. ही गाडी आज परत यायला पाहिजे."

चाकं सरळ रेषेत आणायचं, अलाइनमेंटचं काम राहिलंच. अरविंदनी चावी आपणहून वहिनींना दिली. मी मागे बसलो.

गेटपाशी दोन मोटारी बंद पडून तरंगल्यासारख्या उभ्या होत्या. वहिनींनी पहिला गिअर टाकला आणि पाय हलवला नाही. स्टिअरिंग थोडं वाकडं धरून सरळ जात होत्या. पाणी दारांना लागलं, आत आलं नाही. घराच्या पायऱ्यांशी गाडी इतकी जवळ नेली की मेघनाचा पाय पाण्यात पडला नाही. आम्ही दोघांनी तिला उचलून आत घेतलं.

मग दवाखान्याकडे निघालो. अरविंद तिचा हात धरून होते. माझी नजर वहिनींच्या हातांवर होती, आणि सांगतो, इतका अभिमान मला स्वतःच्या कुठल्याच कामाचा वाटला नाही. बंद मोटारी खिडकीखालून मागे गेल्या. मेघनाने एक कळ सोसली, श्वास घेतला, खाली पाण्याकडे बघितलं आणि वहिनींच्या खांद्याला हात लावला.

"अक्का, ही अजून थोडी उंच करून मिळेल का?"