चालवणार कोण?

विघ्नांचे हरण करणारा आणि घराबाहेर पडणाऱ्याचा पहिला सोबती असा जो श्रीगजानन, त्याला नमस्कार करून हे लिहायला घेतो. निमित्त आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या वर्षश्राद्धाचे. ते परवा झाले. झाले असे म्हणावे की नाही, हे वाचकांनीच शेवटी ठरवावे.

उजव्या हाताचा तळवा वाहतूक पोलिसासारखा समोर धरून त्या म्हणत, "ते राहू द्या. चालवणार कोण?"

आपल्यापैकी ज्यांनी परदेशात भाड्याची गाडी घेण्यापूर्वी त्यांचा सल्ला घेतला असेल, त्यांना तो तळवा नक्की आठवेल. बाईंची सारी नोकरी एका विमा कंपनीत मोटार अपघातांचे दावे तपासण्यात गेली होती. निवृत्तीनंतर सहकारनगरातल्या आमच्या इमारतीत त्यांचे विनामूल्य न्यायालयच भरू लागले. मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक; थोडे पौरोहित्यही करतो. परदेशी निघालेली तरुण मंडळी आईवडिलांच्या आग्रहाखातर प्रस्थानाचा मुहूर्त विचारायला माझ्याकडे येत आणि मग स्वतःच्या इच्छेने एक जिना चढून बाईंकडे जात.

"शास्त्रीबुवा, तुमच्या मुहूर्तात टायर धरलेला असतो का हो?" त्या मला विचारत. "नाही ना? क्रेडिट कार्डवाल्यांच्या विम्यातही नसतो. म्हणजे तुम्ही आणि ते सारखेच."

मी हसत असे. त्यांच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचे मला आठवत नाही.

न्यूझीलंडला निघालेले एक नवविवाहित जोडपे मला स्मरते. मुलगा मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला, "काकू, माझ्या कार्डावर इन्शुरन्स फ्री आहे."

"वा! काच धरली आहे त्यात? टायर? गाडीचं पोट?"

"पोट?"

"खालची बाजू. दगड तिथेच लागतात. आपण कात्रजच्या घाटात जे फोडून आणलंत ना, तेच."

बायकोसमोर त्याचा चेहरा उतरला. बाईंना त्याचे काही नव्हते. चेहरा उतरवून झाल्यावरच त्या शिकवायला बसत. गाडीबरोबर मिळणाऱ्या विम्यात नुकसानीचा पहिला मोठा वाटा आपल्याच अंगावर पडतो. तो झाकणारा वेगळा विमा इथूनच, डोके ठिकाणावर असताना घ्यावा. विमानतळावरच्या खिडकीपाशी आपण झोपेत असतो आणि विकणारा जागा असतो. किल्ली हातात घेण्यापूर्वी गाडीचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत. हे सारे त्या इतके स्वच्छ सांगत की ऐकणाऱ्याला अपमान विसरून कृतज्ञता वाटू लागे.

कॅनडाला लेकीकडे निघालेल्या एका गृहस्थांना भाड्याच्या गाडीची यथासांग पूजा करायची होती. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक. बाई म्हणाल्या, "कुंकवाचा डाग ते लोक ओरखड्यातच धरतील. तुम्ही स्टेपनीची पूजा करा. ती झाकलेली असते, आणि देवाला झाकलेलंही दिसतं." गृहस्थ रागावून उठले. पुढे त्यांनी स्टेपनीचीच पूजा केली आणि फोटो मला पाठवला.

त्यांचा सर्वांत कठोर नियम मात्र एकच होता. गाडी घेताना ज्यांची नावे चालक म्हणून लिहिली जातात, त्यांच्याच हातून झालेले नुकसान विमा सोसतो. "नाव नाही त्याने चाकाला हात लावायचा नाही," हे वाक्य जिन्यातून येता-जाता मलाही पाठ झाले होते. एका गृहस्थाची पत्नी, नाव घातलेले नसताना, तिकडे गाडी घेऊन खांबावर आदळली होती. दोघे मदत मागायला आले. बाईंनी तिच्याकडे पाहिले. "खांब तेवढा शहाणा निघाला, जागचा हलला नाही." ती मुलगी रडू लागली. "रडू नका. अश्रूंचा दावा मंजूर होत नाही."

आता सूनबाईंविषयी सांगितले पाहिजे.

बाईंचा मुलगा एकुलता एक, स्वभावाने गरीब. सून लोणी काळभोरची, शेतकरी घरातली. लग्नाआधी ती वडिलांचा ट्रॅक्टर चालवी, भाजीचा टेम्पो घेऊन बाजारात जाई. आमच्या इमारतीच्या अरुंद आवारातून गाडी उलटी बाहेर काढणे सर्वांना अवघड जाते. ती एका दमात काढी. लग्नानंतर लवकरच पाहुण्यांसमोर ती एकदा म्हणून गेली, "गाडी खालीच हाय." बाईंनी ते कधी विसरू दिले नाही. "आमच्या सूनबाईंचं इंग्रजी फार चांगलं. उठता बसता हाय म्हणतात." पाहुणे हसत. सून चहाचे कप गोळा करून आत जाई.

नॉर्वेला जायचे ठरले तेव्हा मी मुहूर्त सांगायला वर गेलो होतो. मुलगा लॅपटॉपवर गाडी ठरवत होता.

"आई, हिचंही नाव घालतो. डोंगराचे रस्ते आहेत, आलटून पालटून चालवू."

तळवा वर झाला. "चालवणार कोण? तू. झालं. हिचं कशाला? तिथे ऊस नाही भरायचा."

"मला जमेल, आई," सून दारातून म्हणाली. "उजव्या बाजूची सवय होईल लगेच."

"सवय होईपर्यंत आपण तिघे दरीत. नको."

मुलगा ओशाळून हसला आणि त्याने ती जागा मोकळी सोडली. दुसऱ्या चालकाचे नाव विसरणाऱ्या लोकांना ज्या बाई घरातून हाकलत, त्यांनी स्वतःच्या घरातले नाव समजून उमजून वगळले.

पुढचे मला बाईंनीच सांगितले. तिकडून परतल्यावर, मुलाचे दिवसकार्य आटोपल्यावर, माझ्या बाहेरच्या खोलीत बसून, अपघाताचा अहवाल वाचावा तशा कोरड्या स्वरात.

"घाट होता. वस्ती नाही, फोनला रेंज नाही. त्याच्या छातीत दुखायला लागलं. त्याने गाडी कडेला घेतली. म्हणाला, पित्त झालंय. मलाही पित्तच वाटलं. ती उतरली, त्याच्या दाराशी आली, म्हणाली, सरका, मी घेते. मी म्हटलं, नाव नाही तुझं, हात लावायचा नाही. ठोकलीस तर अख्खी गाडी आपल्या गळ्यात. त्याला जरा टेकू दे, मग तोच चालवेल."

"मग?"

"मग आम्ही थांबलो."

माझ्या पत्नीने पाणी आणून ठेवले, ते तसेच राहिले.

"त्याची मान कलली तेव्हा तिने मला विचारलं नाही. त्याला उचलून बाजूला सरकवला आणि गाडी घेतली. अनोळखी रस्ता, उलटी बाजू, धुकं. अशी चालवली, शास्त्रीबुवा, मी आयुष्यात अशी चालवलेली पाहिली नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं." बाईंनी तळवा उचलला. तो कोणापुढे धरावा हे न कळून त्यांनी तो मांडीवर ठेवला. "गाडी परत केली तेव्हा त्यांच्या माणसाने चारी बाजूंनी पाहिली. एक ओरखडा नव्हता."



सून घर सोडून जाईल असे सर्वांना वाटले होते. ती गेली नाही. तिने कात्रजला नोकरी धरली, स्वयंपाक केला, बाईंची औषधे वेळेवर दिली आणि दर आठवड्याला त्यांना गाडीतून तपासणीला नेले. बाई मागे बसत. एकदा मीही सोबत होतो, पुढच्या आसनावर. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागून आवाज आला, इतका मऊ की मी वळून पाहिले.

"छान चालवतेस गं."

सुनेने आरशातून त्यांच्याकडे पाहिले. "ट्रॅक्टर हाकलेला आहे, आई."

सिग्नल सुटला. रुग्णालय आले. उतरताना तिने बाईंचा हात धरला, पायरीपाशी चप्पल नीट लावून दिली, सारे यथायोग्य केले. एवढ्या सेवेत एवढी शिक्षा असू शकते, हे मी त्या दिवशी पाहिले.

सल्ल्याला लोक येत राहिले. काच, टायर, गाडीचे पोट, यांपैकी बाई आता काहीच विचारत नसत. तळवाही वर होत नसे. "चालवणार कोण?" एवढे विचारून त्या उत्तराची वाट न पाहता मुलीकडे बोट दाखवत. "हिचं नाव घाला. आधी हिचं घाला."

"मला येत नाही हो, काकू," एक मुलगी हसत म्हणाली.

"मग शीक," बाई ओरडल्या. "आजच्या आज शीक!" ती पोर घाबरून खाली पळत आली. स्वयंपाकघरातल्या सुनेने हे ऐकले असणारच. तिच्या फोडणीचा आवाज मात्र थांबला नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. परवा वर्षश्राद्ध. सकाळी सून माझ्या दारात आली. हातात गाडीची किल्ली आणि स्टीलचा डबा.

मी पाट मांडून ठेवला होता. "बसा. मुलगा राहिला नाही, दुसरे कोणी नाही. सुनेला अधिकार आहे. संकल्पात तुमचे नाव घेतो."

"नको, गुरुजी."

"का बरे?"

तिचा आवाज जराही चढला नाही. "नाव नाही त्याने हात लावायचा नाही. त्यांचाच नियम आहे. तुम्हीच काय ते करा."

तिने डबा पाटाशेजारी ठेवला. "घारगे आहेत. त्यांना जरा करपलेले आवडायचे. तसेच केलेत." आणि ती जिना उतरली.

खिडकीतून मला तिची गाडी दिसली. एका बाजूला कुंपणाची भिंत, दुसऱ्या बाजूला स्कूटरची रांग. ती उलटी निघाली, कशालाही न लागता, आणि रस्त्याला मिळाली.

मग मी एकटाच बसलो. आचमन केले, देशकाल उच्चारला, बाईंचे नाव आणि गोत्र उच्चारले. कर्त्याच्या नावाची जागा आली तेथे थांबलो. पळीतले पाणी ताम्हनात पडले. ती जागा मोकळी ठेवून मी पुढे गेलो. पाने वाढली तेव्हा डबा उघडला. घारगे कडेने नेमके तेवढेच करपलेले होते.

वाचकहो, श्रीगजानन आपणांस आणि आपल्या घरातील लहानथोर सर्वांस सुखरूप नेवो, सुखरूप आणो. दूरच्या वाटेवर चाक ज्याच्या हाती येईल, तो हात घराने आधीच आपला मानलेला असो. शुभं भवतु.